पी.पी.

प्रभादेवीला आमचा नंबर पी.पी. होता.
शाळेच्या फॉर्मवर, मामाच्या लग्नपत्रिकेवर,
आकडे देवधरांचे, पुढे ही दोन अक्षरं.
काकू गॅलरीतून ओरडायच्या, "साटमांची धाकटी, फोन!"
आणि मी ओल्या हातांनी दोन मजले चढेपर्यंत
पलीकडचा माणूस पैसे मोजत थांबायचा.
सगळं बोलणं काकूंच्या देखत.
मेथी निवडता निवडता त्यांना कळायचं
कोण नापास, कुणाचं जमलं, कोण गेलं.

हे मैथिलीला सांगते तेव्हा ती म्हणते, विषय बदलू नकोस.

सातवी ब-मध्ये फक्त तिघांकडे नाहीये.
तिनं वहीच्या मागे यादीच केलीय.
एक तो, ज्याच्या घरी टीव्हीसुद्धा नाही.
एक श्रीशैल, ज्यानं दोनदा हरवला.
"म्हणजे खरं तर मी एकटीच."

नवरा म्हणतो, दहावीनंतर. मान वर न करता म्हणतो,
मांडीतल्या उजेडाकडे बघत.
सासूबाई साताऱ्याहून, व्हिडिओत नुसतं कपाळ:
देऊन टाक बाई, दिवस कसले आलेत.

मी काही म्हणत नाही.
माझा जुना फोन कपाटात आहे, साडीच्या घडीत.
दर रविवारी चार्ज करून ठेवते.
कशासाठी, ते विचारू नका.

मग तो फेब्रुवारीतला मंगळवार.
क्लासच्या सरांचे वडील वारले, पोरं साडेपाचलाच सुटली.
ग्रुपवर निरोप आला असणार.
माझा फोन लॉकरमध्ये. लॅबमध्ये नेता येत नाही,
लोकांचं रक्त मोजताना आम्ही अंगठीसुद्धा काढून ठेवतो.
आठला बाहेर आले. चौदा मिस्ड कॉल,
पाच अनोळखी नंबर.
आणि हातात घेतला तेव्हा सहावा वाजत होता:
"तुजी पोर माझ्याजवल हाय गो. मोनोच्या खांबाखाली, चेंबूरला.
चावी इसरली म्हनं. भाकर खाल्लीन तिनं. ये सावकाश."

रिक्षात बसून एकेका नंबरला उलट फोन लावत गेले.
पेरूवाला.
छेडा स्टेशनरीतला पोरगा.
एक रिक्षावाला, मानखुर्दला पोचलेला,
मी हॅलो म्हणायच्या आत म्हणाला, "मिली क्या, मॅडम?"
एक बाई, जिचं नाव विचारायचं राहिलं,
ती रडायलाच लागली.
पाचव्यानं उचलला नाही.

द्वारकाबाईंच्या पाटीशेजारी मैथिली गणितं सोडवत होती,
अपूर्णांकांना बांगड्याचा वास.
बाबांचा नवा नंबर तिला पाठ नव्हता.
"तुझा पाठ आहे," म्हणाली. "तूच उचलत नाहीस."

हे इथेच संपलं असतं
तर तो फोन आणखी चार वर्षं साडीत राहिला असता
आणि मी हळदीकुंकवात सांगत फिरले असते,
बघा, शहर अजून माणसांचं आहे.

पाचव्या नंबराचा मेसेज रात्री पावणेबाराला आला.
हाय. मुलगी पोचली का? तिला फोन द्या ना.
दुसऱ्या दिवशी: हाय.
तिसऱ्या दिवशी गुलाबाचं चित्र.
ब्लॉक केला. नवऱ्याला सांगितलं, पण आठवड्यानं.
मैथिलीला विचारलं, तो एक कोण होता गं?
"कुठला? सगळे काकाच होते."

रविवारी साडीची घडी मोडली.
इंटरनेट नाही. रात्री तो स्वयंपाकघरात झोपणार.
पासवर्ड मला माहीत असणार.
मी अटी सांगत होते, ती मान डोलवत होती,
मागे पोह्यांची फोडणी जळत होती.

पहिला नंबर तिनं द्वारकाबाईंचा टाकला.
मग बाबा. मग आजी.
मग माझा, आणि कुठल्या नावानं ते बघायला
मी कांद्याचे हात मागे धरून वाकले.

आई लॉकर, असं लिहिलं होतं.
आठनंतर.